संदर्भकोशातील बोधचिन्हे : प्रताधिकार, व्यापारचिन्ह आणि उचित वापर

एखाद्या संस्थेविषयी कोशात नोंद लिहावयाची झाल्यास तिचे नाव, स्थापनेचे वर्ष, कार्य व इतिहास यांबरोबर तिचे बोधचिन्हही द्यावे, अशी वाचकाची अपेक्षा आता रूढ झाली आहे. छापील कोशाच्या काळात चित्रांची संख्या खर्चामुळेच मर्यादित राहत असे, आणि संस्थांची चिन्हे छापण्याचा प्रसंग विरळा येई. आंतरजालावरील कोशास ही मर्यादा नाही. चित्र मिळविणे, त्याची प्रत काढणे आणि ती देशोदेशींच्या वाचकांपर्यंत पोहोचविणे ही कामे क्षणार्धात होतात. त्यामुळे पूर्वी संपादकासमोर क्वचितच येणारा एक प्रश्न आता हजारो नोंदींच्या आरंभी उभा राहतो. दुसऱ्याच्या मालकीचे बोधचिन्ह त्याच्या अनुज्ञेवाचून कोशात देण्याचा अधिकार कोशकारास आहे काय?

या प्रश्नाला व्यवहारात दोन टोकांची उत्तरे दिली जातात. कोश ज्ञानप्रसारासाठी आहे, त्यात नफ्याचा हेतू नाही, सबब सर्व काही क्षम्य आहे, असे एक पक्ष म्हणतो. चिन्ह नोंदणीकृत आहे, म्हणून त्यास हात लावणेच बेकायदेशीर आहे, असे दुसरा मानतो. दोन्ही मते सदोष आहेत आणि दोहोंच्या मुळाशी एकच घोटाळा आहे. प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, आणि व्यापारचिन्ह, म्हणजे ट्रेडमार्क, या दोन निराळ्या हक्कांची त्यांत गल्लत केलेली असते. हे हक्क वेगळे करून पाहिले आणि नोंदीत चित्र नेमके कोणते कार्य करते हे तपासले, तर प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी निश्चित करता येते. त्या दृष्टीने प्रस्तुत विवेचन केले आहे.

१. एक चिन्ह, दोन हक्क

बोधचिन्ह हे प्रथमतः एक रेखाटन असते. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात कलाकृतीची जी व्याख्या आहे तीत रेखाचित्राचा समावेश होतो, आणि त्या रेखाचित्रात कलागुण असोत वा नसोत, कायद्याच्या दृष्टीने त्याने फरक पडत नाही. हा हक्क निर्मितीबरोबरच उत्पन्न होतो. त्यास नोंदणीची आवश्यकता नसते. नाव जाहीर असलेल्या कलावंताच्या बाबतीत भारतात त्याची मुदत कलावंताचे आयुष्य आणि त्याच्या मृत्यूनंतरची ६० वर्षे इतकी आहे. प्रताधिकाराने रक्षण होते ते अभिव्यक्तीचे. तिची नक्कल झाली काय, हा त्याचा प्रश्न असतो.

व्यापारचिन्हाचा हेतू वेगळा. ग्राहकाने वस्तू पाहताच ती कोणाकडून आली हे ओळखावे, आणि एकाच्या मालाला दुसऱ्याचा माल समजून त्याची फसगत होऊ नये, यासाठी हा हक्क आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमान्वये नोंदणी १० वर्षांची असते. पण तिचे नूतनीकरण कितीही वेळा करता येत असल्यामुळे हा हक्क तत्त्वतः अमर्याद काळ टिकू शकतो. या हक्काचा प्रश्न नकलेचा नसून भ्रमाचा आहे. पाहणाऱ्याच्या मनात मूळाविषयी गैरसमज होतो काय, हे त्यात पाहिले जाते.

दोन हक्कांमधील हे अंतर इंग्लंडमधील एका जुन्या चिन्हावरून स्पष्ट होते. बास या मद्योत्पादक संस्थेचा लाल त्रिकोण १८७५ च्या नोंदणी कायद्याखाली १८७६ साली नोंदला गेलेला त्या देशातील पहिला व्यापारचिन्ह होय. त्रिकोण ही भूमितीची आकृती आहे. तिच्यावर कोणी कलावंत निर्मितीचा दावा सांगू शकत नाही. तरीही व्यापारचिन्ह म्हणून ती दीर्घकाळ टिकून राहिली. एद्वार माने या फ्रेंच चित्रकाराने १८८२ साली पूर्ण केलेल्या, फोली-बर्जेर येथील मद्यगृहाच्या प्रसिद्ध चित्रात लाल त्रिकोणाच्या बाटल्या स्पष्ट दिसतात. त्या पाहून चित्रकार बासचे मद्य विकतो आहे, किंवा बासने हे चित्र पुरस्कृत केले आहे, असे कोणास वाटत नाही. चिन्ह दिसणे आणि चिन्हाचा व्यापारात वापर होणे या दोन भिन्न गोष्टी होत.

भारतीय विधिमंडळासही या दोन हक्कांच्या सीमा एकमेकींस भिडतात याची जाणीव आहे. जी कलाकृती मालाच्या अथवा सेवेच्या संदर्भात वापरली जाते किंवा वापरता येण्याजोगी आहे, तिच्या प्रताधिकाराची नोंदणी मागणाऱ्यास तशाच स्वरूपाचे व्यापारचिन्ह दुसऱ्या कोणाच्या नावे नाही, असे व्यापारचिन्ह निबंधकाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. ही तरतूद प्रताधिकार अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये आहे.

२. प्रताधिकार लागू होतो काय?

कोशकाराने प्रथम हा प्रश्न विचारावा. कारण प्रताधिकारच नसेल, तर त्यापुरता उचित वापराचा विचार अनावश्यक ठरतो. अमेरिकेच्या प्रताधिकार कार्यालयाच्या नियमांनुसार नावे, छोटी वाक्ये, परिचित चिन्हे आणि अक्षरांच्या वळणातील केवळ किरकोळ फेरफार यांस संरक्षण मिळत नाही. अनेक संस्थांची बोधचिन्हे म्हणजे विशिष्ट वळणात लिहिलेली त्यांची नावेच असतात. अशी चिन्हे त्या देशात प्रताधिकाराच्या कक्षेबाहेर राहतात.

ही रेषा मात्र सर्व देशांत एकाच ठिकाणी आखलेली नाही. संगणकीय खेळांविषयीच्या ‘एज’ या इंग्रजी मासिकाच्या नाममुद्रेवरून झालेल्या वादात इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०११ साली ताणलेली अक्षरे व ‘ई’ या अक्षराच्या मधल्या रेषेचे वैशिष्ट्यपूर्ण रूप यांत प्रताधिकारापुरती मौलिकता आहे, असे ठरविले. जर्मनीत उपयोजित कलेकरिता दीर्घकाळ उच्च प्रतीच्या सर्जकतेची अट होती. २०१३ च्या नोव्हेंबरात तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ‘वाढदिवसाची आगगाडी’ या लाकडी खेळण्याच्या प्रकरणात ती अट काढून टाकून उपयोजित व शुद्ध कलेस एकच माप लावले. भारतात ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या २००७ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने केवळ श्रम पुरेसे नाहीत, किमान सर्जकता हवी, असे सांगितले. तो वाद न्यायनिर्णयांच्या संपादित प्रतींचा होता. पण मौलिकतेची ही कसोटी बोधचिन्हांच्या विचारातही मार्गदर्शक ठरते. एकच चिन्ह एका देशात मुक्त आणि दुसऱ्या देशात संरक्षित असू शकते, हे अनेक देशांत वाचल्या जाणाऱ्या कोशाच्या संपादकाने विसरून चालणार नाही.

३. उचित वापराची कसोटी

चिन्हास प्रताधिकार आहे असे ठरल्यावर अपवादांचा विचार येतो. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यातील कलम १०७ उचित वापराच्या चार बाजू सांगते : वापराचा हेतू व स्वरूप, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेल्या भागाचे प्रमाण व महत्त्व, आणि मूळ कृतीच्या बाजारमूल्यावर होणारा परिणाम. बोधचिन्हाच्या बाबतीत तिसरी बाजू नेहमीच अवघड असते. लेखातून परिच्छेद उचलता येतो. चिन्ह मात्र अर्धे घेऊन उपयोग नाही. ते घ्यावयाचे तर संपूर्णच घ्यावे लागते. म्हणून निर्णयाचा भार मुख्यतः पहिल्या बाजूवर, म्हणजे हेतूवर, येऊन पडतो.

या संदर्भात बाउचॅट विरुद्ध बाल्टिमोर रेव्हन्स हे प्रकरण विशेष अभ्यसनीय आहे. कारण त्यात एकाच बोधचिन्हाचे निरनिराळे वापर न्यायालयांनी वेगवेगळे तोलले. १९९६ साली बाल्टिमोर येथे आलेल्या अमेरिकन फुटबॉल संघाने ढाल व पंख असलेले ‘फ्लाइंग बी’ हे चिन्ह स्वीकारले. सुरक्षारक्षक म्हणून काम करणाऱ्या एका हौशी चित्रकाराच्या रेखाटनावरून ते घेतले असल्याचे पुढे ज्यूरीने मान्य केले. त्या दाव्यात त्यास नुकसानभरपाई मात्र मिळाली नाही. संघाने तीन हंगामांनंतर चिन्ह बदलले. परंतु जुन्या सामन्यांच्या चित्रणांत व छायाचित्रांत ते उरणारच होते. त्यावरून नवे दावे उभे राहिले.

२०१० साली चौथ्या विभागाच्या अपील न्यायालयाने दोन प्रकारच्या वापरांत भेद केला. १९९६ ते १९९८ या हंगामांतील निवडक क्षणांचे जे चित्रपट विक्रीस ठेवले होते, त्यांतील चिन्हाचा वापर उचित नाही, असे ठरले. कारण तेथे चिन्ह पूर्वीचेच कार्य करीत होते, म्हणजे संघाची ओळख पटवीत होते. संघाच्या कार्यालयातील दालनात जुनी छायाचित्रे व स्मृतिवस्तू मांडल्या होत्या, त्यांतील चिन्ह मात्र उचित वापर म्हणून मान्य झाले. कारण ते तेथे इतिहासाचा पुरावा या नात्याने आले होते. २०१३ साली त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. संघाच्या व खेळाडूंच्या पूर्वेतिहासावरील चित्रफितींत क्षणभर दिसणारे चिन्ह, तसेच क्रीडागारातील कालपटावर मांडलेले चिन्ह, हे दोन्ही वापर उचित ठरले. प्रत्येक ऐतिहासिक चित्रणासाठी जुन्या चिन्हाच्या मालकाची अनुज्ञा लागणार असेल, तर इतिहासाचे कथनच त्याच्या मर्जीवर अवलंबून राहील, ही चिंता या निर्णयाच्या मुळाशी आहे. कोशकाराच्या दृष्टीने या प्रकरणाचे सर्वांत मोठे महत्त्व यात आहे.

चित्रमय संदर्भग्रंथाविषयीचा दुसरा निर्णय २००६ सालचा आहे. ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाचा सचित्र इतिहास डॉर्लिंग किंडर्सली या प्रकाशनसंस्थेने ४८० पृष्ठांत प्रसिद्ध केला. त्यात कार्यक्रमांच्या ७ जुन्या जाहिरातपत्रकांची व तिकिटांची चित्रे लहान आकारात कालपटावर मजकुरासह दिली होती. हक्कधारकाशी वाटाघाटी फिसकटल्या असताही ती छापली गेली. न्यायालयाने हा वापर उचित मानला. मूळ पत्रके कार्यक्रमाकडे लोकांना खेचण्यासाठी होती, ग्रंथातील चित्रे घटनेची नोंद म्हणून आली होती; त्यांचा आकार लहान होता; आणि एकंदर ग्रंथाच्या मानाने त्यांचे प्रमाण अत्यल्प होते. आधी अनुज्ञा मागितली होती, ही गोष्ट प्रकाशकाच्या विरुद्ध धरली गेली नाही.

वॉरहॉल प्रतिष्ठानाच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली या विचारास एक मर्यादा घातली. नव्या कृतीत नवा अर्थ आला एवढ्याने भागत नाही. त्या विशिष्ट वापराचा हेतू मूळ कृतीच्या हेतूहून खरोखर भिन्न आहे काय, हे पाहावे लागते. कोशातील नोंदीस हे माप लावले, तर नोंदीच्या विषयाशी जोडलेले चिन्ह टिकते. पान सुशोभित करण्यासाठी घातलेले चिन्ह टिकणे कठीण होते.

४. व्यापारचिन्हाची बाजू

प्रताधिकाराची कसोटी उतरली, तरी दुसरी शिल्लक राहते. अमेरिकेत ‘न्यू किड्स ऑन द ब्लॉक’ या गायकवृंदाच्या १९९२ च्या प्रकरणात नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने नामनिर्देशक वापराच्या तीन अटी घातल्या : ज्याविषयी बोलावयाचे ते चिन्हावाचून सहज दाखविता येत नसावे, चिन्ह गरजेपुरतेच वापरावे, आणि मालकाचा पाठिंबा अथवा पुरस्कार आहे असे सूचित होऊ नये. बोधचिन्हांच्या संदर्भात दुसऱ्या अटीवरील विवेचन महत्त्वाचे आहे. प्रतिस्पर्धी पेयविक्रेता तुलनेसाठी कोका-कोलाचे नाव घेऊ शकतो. पण त्या नावाची वैशिष्ट्यपूर्ण अक्षरमुद्रा वापरण्याचा अधिकार त्यास नाही, असे न्यायालयाने उदाहरणादाखल सांगितले.

यावरून एक शंका उद्भवते. नाव लिहून भागत असता कोशाने तरी चिन्ह का द्यावे? प्रतिस्पर्धी विक्रेता आणि कोशकार यांच्या भूमिकांतच तिचे उत्तर सापडते. विक्रेत्यास त्या संस्थेचा उल्लेख करावयाचा असतो. कोशकारास तिचे वर्णन करावयाचे असते, आणि ती लोकांसमोर कोणत्या दृश्य रूपाने वावरते हा त्या वर्णनाचाच भाग आहे. रस्त्यावर किंवा वेष्टनावर पाहिलेले चिन्ह कोणाचे, हे शोधीत येणाऱ्या वाचकास केवळ नावाने उत्तर मिळत नाही. मात्र हे समर्थन त्या संस्थेच्या नोंदीपुरतेच आहे. प्रायोजकांच्या यादीत, स्पर्धकांच्या कोष्टकात किंवा नावापुढील सजावटीत चिन्हे देताना ते लागू पडत नाही. तेथे नावच पुरेसे होते.

भारतीय कायदा या बाबतीत अधिक स्पष्ट आहे. कलम २९ अन्वये उल्लंघन होण्यासाठी चिन्हाचा वापर व्यापाराच्या ओघात व्हावा लागतो. शिवाय कलम ३० असे सांगते की, माल अथवा सेवा त्या मालकाचीच आहे हे दर्शविण्यासाठी केलेला वापर प्रामाणिक व्यापारी रीतीस धरून असेल, आणि चिन्हाच्या वैशिष्ट्याचा वा लौकिकाचा गैरफायदा घेणारा किंवा त्यास बाध आणणारा नसेल, तर त्यास प्रतिबंध नाही. टीकेच्या प्रसंगीही न्यायालयांनी उदार दृष्टी ठेवली आहे. ओडिशातील धामरा बंदरामुळे ऑलिव्ह रिडले कासवांना धोका पोहोचतो, या आक्षेपावरून ग्रीनपीस संघटनेने ‘टर्टल व्हर्सेस टाटा’ हा संगणकीय खेळ काढून त्यात टाटांचे वर्तुळातील ‘टी’ हे चिन्ह वापरले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत अंतरिम मनाई हुकूम देण्यास नकार दिला. कठोर उपहास जर या अवस्थेत रोखला गेला नाही, तर कोशातील तटस्थ वर्णनास व्यापारचिन्हाच्या कायद्याचे भय बाळगण्याचे कारण कमीच आहे.

५. राजमुद्रांचा निराळा नियम

काही चिन्हे या दोन्ही कायद्यांबाहेरच्या तिसऱ्या वर्गात मोडतात. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने निर्मिलेल्या कृतींस त्या देशात प्रताधिकार नसतो. तरीही २०१० च्या जुलैमध्ये एफबीआय या अन्वेषण विभागाने आपली मुद्रा विकिपीडियावरून काढून टाकावी, अशी मागणी विकिमीडिया प्रतिष्ठानाकडे केली. तिचा आधार ओळखपत्रे, बिल्ले व तत्सम अधिकारचिन्हे यांच्या अनधिकृत निर्मितीस बंदी करणारे एक फौजदारी कलम हा होता. प्रतिष्ठानाचे विधिसल्लागार माईक गॉडविन यांनी उत्तरात दाखवून दिले की, त्या कलमाचा रोख तोतयेगिरीवर आहे. कोशातील चित्रावर नाही. मुद्रा नोंदीत कायम राहिली.

भारतात १९५० चा चिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा अधिनियम आणि २००५ चा राजचिन्हाविषयीचा अधिनियम हे या वर्गातील होत. पहिल्याचा भर व्यापार-व्यवसायातील वापरावर आहे; दुसऱ्याचा भर शासनाशी संबंध असल्याचा आभास उत्पन्न होण्यावर आहे. येथेही निर्णायक ठरतो तो पाहणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम. म्हणून माहितीच्या चौकटीत, शीर्षकासह दिलेली मुद्रा आणि पानाच्या माथ्यावर अधिकृत कागदाप्रमाणे विराजमान झालेली मुद्रा यांत भेद केला पाहिजे.

६. कोशांची स्वयंशिस्त आणि भारतीय कोशकाराची अडचण

विकिमीडिया प्रतिष्ठानाच्या विश्वस्तांनी २००७ च्या मार्चमध्ये ठराव करून सर्व प्रकल्पांतील सामग्री मुक्त असावी असा दंडक घातला. अपवाद अल्प असावेत असे सांगताना बोधचिन्हांसारख्या ओळख पटविणाऱ्या कृतींचा त्यांनी नामनिर्देश केला. इंग्रजी विकिपीडियाने हा अपवाद नियमबद्ध केला आहे. मुक्त पर्याय उपलब्ध असल्यास अमुक्त चित्र घेता येत नाही. आकार साधारणतः १,००,००० चित्रबिंदूंच्या आत ठेवावा लागतो. आणि प्रत्येक नोंदीतील वापराचे कारण स्वतंत्रपणे लिहावे लागते. जर्मन विकिपीडिया मात्र उचित वापराचा आधार घेत नाही. तेथे मौलिकतेच्या मर्यादेखालील साधी चिन्हेच स्वीकारली जातात. कॉमन्स या सामाईक चित्रभांडारातही अमुक्त चित्रांस प्रवेश नाही. याचे कारण विचारार्ह आहे. उचित वापर हा त्या त्या वापरापुरता बचाव असतो. तो चित्राबरोबर पुढील वापरणाऱ्याकडे जात नाही. कोशातील मजकूर पुनर्मुद्रणास मुक्त असला, तरी त्यातील चिन्ह कपड्यावर छापून विकणाऱ्यास कोशाचा बचाव उपयोगी पडत नाही.

भारतीय कोशकाराची स्थिती अमेरिकन कोशकाराहून अवघड आहे. अमेरिकेतील कलमाची रचना खुली आहे. भारतातील कलम ५२ मध्ये उचित व्यवहाराचे हेतू मोजून दिले आहेत : संशोधनासह खाजगी वापर, त्या अथवा अन्य कृतीची समीक्षा, आणि प्रचलित घडामोडींचे वृत्तांकन. कोशाचा त्यांत स्वतंत्र उल्लेख नाही. अध्यापनासाठीच्या संग्रहात उतारे घेण्याची जी सवलत त्याच कलमात आहे, ती वाङ्मयीन व नाट्यकृतींच्या छोट्या उताऱ्यांपुरती आहे. चित्रांस ती मिळत नाही. यामुळे व्यापारचिन्हाच्या कायद्यात भक्कम असलेली भारतीय कोशकाराची बाजू प्रताधिकाराच्या कायद्यात दुबळी राहते. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ पासून खंडशः प्रसिद्ध होऊ लागलेला मराठी विश्वकोश आज आंतरजालावरही वाचला जातो. अशा कोशांच्या दृष्टीने ही उणीव केवळ शास्त्रार्थाची नाही.

तथापि हा मार्ग अगदीच बंद नाही. उचित व्यवहार हा प्रमाणाचा व परिस्थितीचा प्रश्न आहे, असे लॉर्ड डेनिंग यांनी हबर्ड विरुद्ध व्हॉस्पर या १९७१ साली निर्णीत झालेल्या खटल्यात म्हटले होते. केरळ उच्च न्यायालयानेही सिव्हिक चंद्रन विरुद्ध अम्मिणी अम्मा या १९९६ च्या निर्णयात घेतलेल्या भागाचे प्रमाण, हेतू आणि मूळ कृतीशी होणारी स्पर्धा यांचा विचार केला. नोंदीच्या मजकुरात चिन्हाविषयी काही विवेचन असेल, म्हणजे त्याचा आकार, त्यातील प्रतीके, त्यात झालेले बदल व त्यांची वर्षे यांची चर्चा असेल, तर ते चित्र समीक्षेच्या हेतूखाली येते असे सांगता येते. मजकूर मुका असेल, तर हा आधार उरत नाही.

तात्पर्य, कोशकाराने चार प्रश्न क्रमाने विचारावेत. चिन्हास प्रताधिकार आहे काय, आणि कोणत्या देशात? असल्यास, नोंदीतील मजकूर त्या चिन्हाविषयी वाचकास काही सांगतो काय? चिन्हाच्या मांडणीवरून मालकाची संमती वा पुरस्कार असल्याचा समज होतो काय? चिन्ह राजमुद्रेच्या वर्गातील असल्यास अधिकृततेचा आभास होतो काय? लहान आकार दुसऱ्या प्रश्नास साहाय्य करतो, पण तिसऱ्याचे उत्तर देत नाही. खुलासेवजा टीप तिसऱ्यास उपयोगी पडते, पण दुसऱ्यास नाही. कलम ५२ मध्ये संदर्भग्रंथांचा स्पष्ट समावेश व्हावा काय, याचा विचार विधिमंडळाने व विद्यापीठांतील अभ्यासकांनी करावयास हवा. तोपर्यंत चिन्हासोबत त्याची सविस्तर माहिती देणे हाच भारतीय कोशकाराचा सर्वांत विश्वसनीय आधार आहे, आणि त्यात वाचकाचेही हित आहे.